फक्त लिप्सिंग बसवून घ्या

आज दुपारी जेवायला बसले आणि मेसेज आला. "मॅडम, ट्रॅक रेडी आहे. सगळे डायलॉग स्टुडिओत करून घेतलेत. आता फक्त लिप्सिंग बसवून घ्या." शेवटी जोडलेले हात, त्याखाली अकरा मिनिटांची ऑडिओ फाइल. लिप्सिंग म्हणजे आवाज रेकॉर्डिंगचा, मुलांनी फक्त ओठ हलवायचे.

फाइल ऐकली. भात ताटात तसाच राहिला.

नाटकवाल्या मित्रांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका शाळेत मी तिसरीच्या मुलांचं नाटक बसवतेय, गॅदरिंगसाठी. कार्यक्रमपत्रिकेत त्याचं नाव 'मराठी आयटम' असं आहे, पण त्यावर आज बोलत नाही, एका दिवशी एकच भांडण. २६ मुलं, सात आठवडे, दर शनिवारी दीड तास. संहिता नेलीच नव्हती. "तुम्ही रोज कशाला वैतागता?" एवढंच विचारलं. पंचवीस जण एका सुरात म्हणाले, ट्रॅफिक. (सव्विसावा धाकट्या बहिणीला वैतागतो.) त्यातून स्टॉपवर बसची वाट बघणाऱ्या माणसांचं नाटक झालं. बस शेवटपर्यंत येतच नाही. हेही त्यांनीच ठरवलं. मी आपली म्हणत होते की शेवटी बस आणूया, टाळ्या पडतील. "मिस, खऱ्यात तरी कुठे येते?" असं मला ऐकवण्यात आलं.

त्यात एक आजोबा आहेत. ते करणारा पोरगा ओवळ्याकडचा, घरी आगरी बोलतात. स्टॉपवर येतो, कपाळावर आडवा हात धरून लांब बघतो आणि विचारतो, "गारी आली का?" पहिल्यांदा म्हणाला तेव्हा वर्ग फिदीफिदी हसला. तो बावरला, लगेच "गाडी" म्हणाला. मी विचारलं, तुझे आजोबा काय म्हणतात? "गारी." मग आपले आजोबाही गारीच म्हणणार, विषय संपला. आता मधल्या सुट्टीत अख्खा वर्ग गारी म्हणतो.

ट्रॅकमधले आजोबा म्हणतात, "अहो, बस आली का हो?" साबणाच्या जाहिरातीतल्या आवाजात. मागे बासरी.

मला एकदम तो चहा आठवला. माझ्या जवळच्यांनी ही गोष्ट दहा वेळा ऐकली आहे, त्यांनी अकराव्यांदा ऐकावी.

काही वर्षांपूर्वी कळव्याच्या एका शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवायला जायचे. गोलात उभं राहून, नसलेली वस्तू एकमेकांना द्यायची, हा साधा खेळ. जगात जो कुणी मुलांना नाटक शिकवतो तो हा खेळ कधी ना कधी घेतोच. मी नसलेला चहाचा ग्लास हातात धरला, टपरीवरचा, काचेचा. शेजारच्या मुलीने तो फ्रॉकच्या घोळात धरून घेतला. गरम आहे असं मी म्हटलंच नव्हतं. पुढच्याने फुंकर मारली. त्याच्या पुढच्याने वरच्या कडेला दोन बोटं लावून उचलला, खाली दुसऱ्या हाताचा तळवा. वडिलांची चहाची गाडी होती त्याच्या, मला नंतर कळलं. असा ग्लास आठ-आठ जणांच्या हातून गेला आणि मग एकाने सांडला. मुद्दाम की चुकून, देव जाणे. सगळा गोल "आऽऽ" करत मागे सरला. एक मुलगी कोपऱ्यात गेली, नसलेलं फडकं घेऊन आली, उकिडवी बसली, फरशी पुसली आणि फडकं पिळलं. पिळलं हो!

पुढचा तासभर त्या दोन फरश्यांवर कुणी पाय दिला नाही. पुसल्यावर फरशी ओली असते ना. मग मुख्याध्यापक कसल्याशा सहीसाठी आत आले आणि सरळ तिकडेच निघाले. तीस पोरं एकदम ओरडली, "सर, चहा!" आणि सर, निवृत्तीला दोन वर्षं उरलेला तो कडक माणूस, एक पाय हवेत धरून थांबले. मग वळसा घालून आले. कुठला चहा, हे विचारलंसुद्धा नाही.

मी गडकरी रंगायतनच्या रंगमंचावर उभी राहिले आहे, मोठमोठ्यांबरोबर प्रवेश केले आहेत. तेवढा खरा चहा मला एकदाही करता आलेला नाही.

आता सांगा, तो चहा ट्रॅकवर कसा सांडणार?

भरताने नाट्यशास्त्रात अभिनय चार प्रकारचा सांगितला. आंगिक म्हणजे शरीराचा, वाचिक म्हणजे बोलण्याचा, सात्त्विक म्हणजे आतल्या भावाचा, आहार्य म्हणजे वेशभूषेचा. ट्रॅक लावला की वाचिक गेला. पुढचं वाक्य कधी येतंय याच्या धाकात पोरं, म्हणजे सात्त्विकही गेला. आंगिकात फक्त ठोक्यावर हात वर. उरला आहार्य, तो ड्रेपरीवाल्याकडून दिवसाच्या भाड्याने येतो, काखेत उसवलेला.

आणि ट्रॅक थांबत नाही हो. लोक हसले तर नटाने थांबायचं असतं, हे सुद्धा आम्ही शिकलो होतो या सात आठवड्यांत. तिसरीतल्या मुलांना थांबायला शिकवणं म्हणजे काय असतं ते त्यांच्या आयांना विचारा. गेल्या शनिवारी तालमीत आजोबांची काठी पडली. संहितेत काही नव्हतं. पेरूवाली झालेली मुलगी टोपली खाली ठेवून म्हणाली, "आजोबा, तुमचा तिसरा पाय पडला." आजोबांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "दे, बाये." मी मागे खुर्चीवर बसून रडले, खोटं कशाला सांगू. ट्रॅकवर काठी पडली तर पोरगं काय करेल? स्टुडिओतला आवाज पुढे निघून जाईल आणि हे बिचारं वाकून काठी शोधत राहील.

बरं, विषय अभ्यासक्रमात नाही म्हणावं तर तसंही नाही. बालभारतीने प्राथमिकसाठी काढलेल्या 'खेळू, करू, शिकू' या पुस्तकात चित्र, गायन, वादन, नृत्य यांच्याबरोबर नाट्यही आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात 'कला-एकात्मिक शिक्षण' असा भरजरी शब्द आहे. प्रत्यक्षात नाट्याचा तास बहुतेक ठिकाणी डिसेंबरमध्ये उगवतो आणि गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी मंडपाबरोबर उतरवला जातो.

आणि हे ठाण्यात! सुधा करमरकरांनी १९५९ साली लिटल थिएटर काढलं, मुलांसाठीचं नाटकही मोठ्यांच्या नाटकाइतकंच मन लावून करायचं म्हणून. त्या परंपरेतल्या रत्नाकर मतकरींनी उतारवयात आपल्या याच ठाण्यात 'वंचितांचा रंगमंच' उभा केला, वस्त्यांमधली मुलं स्वतःच्या जगण्यातले विषय घेऊन स्वतः नाटकं करायला लागली. त्यांच्या आवाजात, त्यांच्या भाषेत. १९७८ पासून तलावपाळीला गडकरी रंगायतन आहे. आणि या शाळेतून रिक्षा केली तर घाणेकर नाट्यगृह जवळ. एवढं सगळं उशाशी असून आम्ही मुलांना ओठ हलवायला शिकवतो.

हो, माहितीये मला. मोकळं मैदान, हजारभर पालक, चार माईक आणि त्यातला एक शिट्टी मारणारा. पोरांचा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे पोचत नाही. काही मुलं रंगमंचावर गेल्यावर वाक्य विसरतात, रडतातही. मान्य. झालं, मान्य केलं.

पण मग नाटक मैदानात कशाला? वर्गात करा, दोन-दोन तुकड्यांच्या पालकांना बोलवा, खाली सतरंजी घाला. खर्च शून्य. हे मी जूनमध्ये सुचवलं होतं, तेव्हा "पण मग फील येत नाही मॅडम" असं उत्तर मिळालं. कुणाला फील येत नाही? पालकांचं म्हणाल तर त्यांचे डोळे तसेही मोबाइलच्या स्क्रीनमध्ये असतात. आपलं पोर आलं की रेकॉर्डिंग चालू, गेलं की बंद. त्यांना आवाज कुणाचाही चालतो. लिहिल्यावर कळतंय की हे जरा जास्तच कडू झालं. माझी मुलगी ज्युनिअर केजीत फुलपाखरू झाली होती तेव्हा मीही मोबाइल धरूनच उभी होते. हातही थरथरत होता. असो.

मेसेज पाठवणाऱ्या टीचरवर माझा राग नाही. त्यांच्याकडे चाळीस मुलांचा वर्ग आहे, शिवाय गॅदरिंगच्या सतरा आयटमची यादी आहे. त्यांनी माझं काम हलकं करायला म्हणून, आपल्या ओळखीने स्वस्तात स्टुडिओ मिळवला. फाइलसोबत "तुम्हाला त्रास नको म्हणून" असंही लिहिलंय. यावर चिडायचं कसं? पण त्या आजोबाला काय सांगू? तुझं गारी छान होतं रे, पण आता एका काकांनी बस म्हटलंय, तू फक्त तोंड उघड?

आणि तो उघडेलही. हेच तर. आठ वर्षांचं पोर आहे, मिस म्हणाल्या तर उघडेल तोंड. परत कधी वर्गात गारी म्हणणार नाही, एवढंच.

चार वाजता उत्तर लिहिलं. तीनदा खोडलं, कारण पहिल्या दोनांत भरतमुनी आले होते. शेवटी एवढंच पाठवलं: "ट्रॅक नको. मुलं स्वतः बोलतील. दोन फूटमाईक पुढे लावून द्या, आणि आमच्या आयटमच्या आधी पालकांना गप्प बसायची विनंती मी स्वतः करते."

निळ्या टिक लगेच आल्या. उत्तर आलं सात वाजता. "मॅडम, ट्रस्टींशी बोलून बघते. पण स्टुडिओवाल्याला ॲडव्हान्स गेलाय हो."

गेला तर गेला. शनिवारी साडेआठला तालीम आहे. मी काठी, पेरूची टोपली आणि स्टॉपचा बोर्ड घेऊन जाणार आहे. पेन ड्राइव्ह घरी विसरणार आहे.