जपानची शस्त्रं खरंच समुद्रात गेली का?

गेले काही दिवस एक मजकूर सगळीकडे फिरतोय. थोडक्यात असा: "२ सप्टेंबर १९४५ ला जपानने शरणागतीवर सही केली. त्याच दिवशी त्याची सगळी शस्त्रं अमेरिकेच्या हाती आली. अमेरिकेने ती समुद्रात बुडवली, तलवारी वितळवल्या, आणि त्यानंतर त्या शस्त्रांतून एकही गोळी सुटली नाही." खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. तिसऱ्यांदा आला तेव्हा राहवेना.

"समुद्रात बुडवली." हे निम्मं खरं आहे, म्हणून तर पटतं. १ एप्रिल १९४६ ला जपानच्या गोतो बेटांजवळ अमेरिकी नौदलाने २४ जपानी पाणबुड्या बुडवल्या. पोटात विमानं घेऊन फिरणाऱ्या आय-४०० आणि आय-४०१ या अजस्र पाणबुड्या आधी हवाईला नेऊन तपासल्या, आणि रशियाही बघायला मागतोय म्हटल्यावर तिथेच ओआहू बेटाजवळ बुडवून टाकल्या. नागातो ही युद्धनौका पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटाच्या अणुचाचणीत लक्ष्य म्हणून उभी केली. २५ जुलै १९४६ च्या स्फोटानंतर ती चार दिवस तरंगत राहिली आणि मग एका रात्री कुणाच्या नकळत बुडाली. मात्र उरलेल्या विनाशिका सगळ्याच काही बुडवल्या नाहीत. अमेरिका, ब्रिटन, रशिया आणि चीन यांनी चिठ्ठ्या टाकून त्या वाटून घेतल्या. त्यातली युकिकाझे चीनच्या वाट्याला आली आणि 'तान यांग' या नावाने तैवानच्या नौदलात १९६० च्या दशकापर्यंत राबली.

"सगळी अमेरिकेच्या हाती." इथे मजकूर लिहिणाऱ्याने नकाशाच उघडलेला नाही. शरणागतीच्या वेळी जपानचे तीस लाखांहून जास्त सैनिक देशाबाहेर होते. कुणी कुणापुढे शस्त्रं ठेवायची हे दोस्त राष्ट्रांच्या पहिल्या सर्वसाधारण आदेशात ठरवून दिलं होतं. मांचुरिया (चीनचा ईशान्य भाग) आणि ३८ अक्षांशाच्या वरचा कोरिया रशियाकडे. बाकीचा चीन, तैवान आणि १६ अक्षांशाच्या वरचं व्हिएतनाम चीनचा तेव्हाचा सत्ताधीश च्यांग काई-शेककडे. ब्रह्मदेश, मलाया आणि व्हिएतनामचा दक्षिण भाग आग्नेय आशियातला ब्रिटिश सरसेनापती माउंटबॅटनकडे, आणि जावा-सुमात्राही. अमेरिकेच्या वाट्याला मुख्यत्वे जपान, फिलिपिन्स आणि दक्षिण कोरिया. म्हणजे वाटेकरी एक नाही, अनेक. बरं, यातले बरेचसे वाटेकरी जागेवर पोचायलाच आठवडे लागले, आणि तोवर कोठारांच्या किल्ल्या जपान्यांकडेच होत्या.

"एकही गोळी सुटली नाही." या वाक्याची मला चीडच आली, कारण त्या गोळ्या आपल्या माणसांनी खाल्ल्या आहेत. जावा बेटावरच्या सुराबाया शहरात सप्टेंबरातच इंडोनेशियन तरुणांनी डॉन बॉस्को शाळेतलं जपानी शस्त्रागार ताब्यात घेतलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला जपानी ॲडमिरल शिबाता याने तिथे पोचलेल्या एका डच कप्तानापुढे रीतसर शरणागती पत्करली. कप्तानाजवळ फौज नव्हती, शस्त्रं ठेवायची कुठे? शिबाताने उरलेलीही इंडोनेशियनांच्या हवाली करायला लावली. २५ ऑक्टोबरला ब्रिटिश ब्रिगेडियर मॅलबी ४९ व्या भारतीय ब्रिगेडसह बंदरात उतरला. सुमारे ४ हजार जवान, त्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटणही. लहान लहान तुकड्या करून ते शहरभर पांगले. स्थानिक पुढाऱ्यांशी बोलणं झालं, शस्त्रं त्यांच्याकडेच राहतील असं ठरलं. आणि २७ तारखेला जकार्ताहून आलेल्या ब्रिटिश विमानाने शहरावर पत्रकं टाकली: शस्त्रं खाली ठेवा, नाहीतर गोळी घालू. मॅलबीला याची कल्पनाही नव्हती. दुसऱ्याच दिवशी पांगलेल्या तुकड्यांवर चहूबाजूंनी हल्ला झाला. ३० ऑक्टोबरला इंटरनाशिओ इमारतीपाशी मॅलबी मारला गेला, तेव्हा आत अडकलेली कंपनी मराठ्यांचीच होती. १० नोव्हेंबरला इंग्रजांनी पाचवी भारतीय डिव्हिजन उतरवून शहरावर मोठा हल्ला चढवला. तो दिवस इंडोनेशिया आजही वीरदिन म्हणून पाळतो.

दक्षिण व्हिएतनाममधल्या सायगावमध्ये तर आणखी विचित्र प्रकार. ब्रिटिश जनरल ग्रेसीच्या विसाव्या भारतीय डिव्हिजनकडे माणसं कमी पडली, म्हणून शरण आलेल्या जपान्यांच्याच हातात बंदुका राहू दिल्या आणि त्यांना व्हिएतनामी बंडखोरांवर घातलं. हरलेला सैनिक जिंकणाऱ्याच्या हुकमाने आपलीच जुनी रायफल चालवतोय!

मांचुरियात रशियनांच्या ताब्यातली पुष्कळ शस्त्रं चिनी कम्युनिस्टांपर्यंत पोचली. १९४८ मध्ये जिनझोऊच्या लढाईत गाजलेला त्यांचा 'गोंगचेन' रणगाडा मूळचा जपानी ची-हा. बीजिंगच्या लष्करी संग्रहालयात तो उभा आहे. त्यांची पहिली वैमानिक शाळा १ मार्च १९४६ ला तोंगहुआला निघाली ती जपानी विमानांवर, आणि शिकवणारेही जपानीच. शिवाय जपानमध्ये अमेरिकेने गोळा केलेल्या अरिसाका या जपानी सैन्याच्या रायफलींपैकी एक लाखाहून जास्त रायफली कोरियन युद्धाच्या वेळी अमेरिकी काडतूस बसेल अशा करून दक्षिण कोरियासाठी तयार करण्यात आल्या. बुडवणाऱ्याचेच हे उद्योग.

याच रायफलींची एक खूण सांगतो. नळीच्या मुळाशी वरच्या बाजूला सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं फूल कोरलेलं असतं, सम्राटाची मुद्रा. शरणागतीत आलेल्या अनेक रायफलींवर ते फूल घासून काढलंय, खडबडीत चट्टा तेवढा दिसतो. लढाईत हिसकावलेल्या रायफलींवर ते बहुधा शाबूत असतं.

"तलवारी वितळवल्या." पुष्कळ वितळवल्या, बुडवल्या आणि सैनिकांनी आठवण म्हणून घरीही नेल्या. पण टोकियोतल्या अकाबाने इथल्या अमेरिकी कोठारातून जाणकारांनी मोलाच्या अशा साडेपाच हजारांच्या आसपास तलवारी निवडून वाचवल्या. जपानवर एके काळी सत्ता गाजवलेल्या तोकुगावा घराण्याने मात्र होंजो मासामुने ही अमोल तलवार डिसेंबर १९४५ मध्ये मेजिरोच्या पोलीस चौकीत जमा केली, आणि पुढे ती कुणाच्या दृष्टीस पडली नाही.

राहिला विषारी वायू. तो जपानी सैन्याने सगळा काही हवाली केला नाही. चीनमध्ये माघार घेताना पुष्कळसा जमिनीत पुरला, नद्यांत टाकला. ४ ऑगस्ट २००३ ला चिचिहार शहरात एका बांधकामावर खोदताना पाच पिंपं लागली. मजुरांना वाटलं लोखंड आहे, भंगारात चार पैसे येतील. आत मस्टर्ड वायू होता. एक माणूस दगावला, चाळीसहून जास्त भाजले. रासायनिक शस्त्रबंदी करारानुसार ही शस्त्रं नष्ट करण्याची जबाबदारी जपानवर आहे, आणि हारबालिंगच्या डोंगरात पुरलेले गोळे उकरून नष्ट करायला जपानी तंत्रज्ञांना चीनमध्ये ठाण मांडावं लागलंय.