अनुस्वार आणि कचरा

आमच्या वाचनालयाच्या सुवर्णमहोत्सवासाठी दहा फुटी फ्लेक्स करायचे ठरले, तेव्हा ‘तुम्हाला कॉम्प्युटरमधले कळते’ एवढ्या एका वाक्याने बोधचिन्हाची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. फ्लेक्सवाल्याने फोनवर एवढेच विचारले, “ओपन फाइल आहे ना? जेपीजी चालणार नाही, फाटतं.” कार्यवाहांकडे जे होते ते जेपीजीच होते, जुन्या लेटरहेडचा मोबाइलवर काढलेला फोटो, चहूबाजूंनी कापलेला आणि पाच-सहा जणांनी एकमेकांना पाठवता पाठवता जेमतेम २०० पिक्सेल रुंद उरलेला. तो दहा फुटांवर ताणला की एकेक पिक्सेल दीड सेंटीमीटरचा होतो आणि चिन्हातली समई विटा रचून बांधल्यासारखी दिसू लागते.

प्रथम मी सोपी पळवाट काढली: चित्र कोरल या रेखांकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आणले आणि त्याच्या सीडीआर या स्वरूपात सेव्ह करून पाठवून दिले. पाचच मिनिटांत उत्तर आले, “साहेब, जेपीजीला नुसता सदरा घातलाय.”

तेव्हा ट्रेस करणे, म्हणजे ठिपक्यांच्या चित्रावरून यंत्राकडून बाह्यरेषा काढून घेणे, आले. फ्लेक्सवाल्याची ‘ओपन फाइल’ म्हणजे व्हेक्टर फाइल; ती ठिपके साठवत नाही, नोड म्हणजे रेषेवरचे ठरावीक बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या वक्ररेषा साठवते. रेनो कंपनीतील अभियंता पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात मोटारींच्या बाह्यांगासाठी रुळवलेल्या या रेषा कितीही मोठ्या केल्या तरी गुळगुळीतच राहतात. मी बटण दाबले, आणि समईच्या एका ज्योतीला ३१२ नोड लागलेले पाहून खुर्चीत मागे टेकलो.

दोष ज्योतीचा नव्हता. जेपीजी चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलांचे चौकोन पाडते आणि प्रत्येकातला डोळ्याला सहसा न जाणवणारा बारकावा टाकून देते. आकाशाच्या किंवा चेहऱ्याच्या फोटोत हे खपून जाते. परंतु जिथे काळे अक्षर पांढऱ्या कागदाला भिडते, तिथे त्याच्या कडेने करड्या मुंग्या उमटतात. माणूस त्यांच्याकडे काणाडोळा करतो. ट्रेस मात्र प्रत्येक मुंगीला रीतसर बाह्यरेषा, रंग आणि स्वतंत्र अस्तित्व बहाल करतो.

यावर उपाय म्हणून ठरावीक पिक्सेलांहून लहान ठिपके गाळण्याची सोय असते. मी ती पाचावर नेली. मुंग्या गेल्या, पाटी लख्ख झाली, आणि आमचे ‘ग्रंथसंग्रहालय’ हे ‘ग्रथसग्रहालय’ झाले, कारण चार पिक्सेलांचा अनुस्वार आणि चार पिक्सेलांचा कचरा यांत यंत्राच्या लेखी काहीच फरक नव्हता. मर्यादा तीनवर आणली तेव्हा अनुस्वार परतले खरे, पण ‘ल’च्या डोक्यावरही एक बसला आणि ग्रंथसंग्रहालयाला सर्दी झाली.

अखेर चित्र खाली फिकट ठेवून सगळे हाताने गिरवायला घेतले. अक्षरे तर गिरवलीही नाहीत. जुळता फॉन्ट शोधून टाइप केली आणि कर्व्ह करून, म्हणजे त्यांच्याही वक्ररेषा करून, टाकली. ज्योत चार नोडांत बसली. समईच्या वर, थोडा उजवीकडे, एक चुकार ठिपका होता, तो मी स्वतःच्या हाताने पुसला. फ्लेक्सवाला म्हणाला, “आता कशी ओपन फाइल झाली!” त्याच्या तोंडून ही पदवीच होती.

समारंभाच्या सकाळी ८६ वर्षांचे आमचे संस्थापक सभासद काठी टेकून फ्लेक्ससमोर बराच वेळ उभे राहिले. अक्षरे पाहिली, समई पाहिली, मग काठी वर उचलून ज्योतीच्या उजवीकडच्या मोकळ्या जागेवर रोखली आणि म्हणाले, “इथली चांदणी कुणी काढली?”