सुती कापड चांगलंच, पण ते नायट्याचं औषध नव्हे

उन्हाळा लागला की नागपुरात घरोघरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: ‘शंभर टक्के नैसर्गिक कापड घाला. घामोळ्या, नायटा, ॲलर्जी काहीच होणार नाही. सगळ्याचं मूळ पॉलिस्टर.’ १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झालेल्या या शहराला सुताचा अभिमान असणारच. माझंही माहेर कापूस पिकवणाऱ्यांचं. तरी हा मेसेज मला पटत नाही.

आधी घामोळ्या. सूत हवेतूनच वजनाच्या ८.५ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरतं, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. म्हणून सुती बनियन घाम टिपते, आणि मे महिन्यातल्या कोरड्या हवेत तो उडून अंग गार वाटतं. इथपर्यंत मेसेज बरोबर. पण जुलैत हवाच दमट असते. तेव्हा तीच बनियन दिवसभर ओली राहून अंगाला चिकटते. कापड कोणतंही असो, ओलं झालं की बदलायचं.

नायट्याबद्दलचा दावा मात्र घातक आहे. नायटा ही बुरशी. तिला ऊब, ओल आणि घासणारी त्वचा हवी असते. धागा कशाचा, याच्याशी तिला देणंघेणं नाही. जांघेत रुतणारी घट्ट जीन्स सुतीच असते ना? कपडे बदलून नायटा जाईल या आशेवर लोक महिने घालवतात, नाहीतर मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब आणतात. तिने खाज दबते, बुरशी मात्र आत पसरत राहते आणि चट्ट्यांचं रूप इतकं बदलतं की डॉक्टरांनाही ओळखणं जड जातं.

ॲलर्जीचं म्हणाल, तर पॉलिस्टरच्या काही रंगांनी ती होते, हे खरं. पण लोकरही नैसर्गिकच, आणि जाडी लोकर नाजूक त्वचेला टोचते. इस्त्री न लागणाऱ्या सुती शर्टावर फॉर्मल्डिहाइडचं रसायन असू शकतं, त्यानेही काहींच्या अंगावर पुरळ उठतं. नवा कपडा धुऊनच घाला.

उन्हाचंही तसंच. पातळ पांढऱ्या सुती कापडातून अतिनील किरणं बरीच आत येतात, ओल्या कापडातून आणखी. दुपारी गाडीवर निघताना दाट विणीचा, गडद दुपट्टा घ्या.

आणि घरात कोणाला नायटा असेल तर त्याचा टॉवेल आजच वेगळा करा. त्याचे आतले कपडे बाथरूमच्या दांडीवर नको, गच्चीवर कडक उन्हात वाळवा.