तंबूत शेगडी नको, खाली पेंढा घाला

आज सकाळी भाचीने ग्रुपवर फोटो टाकला. धरणाच्या काठावर तंबू, चेन वरपर्यंत बंद, आत चार पोरं आणि मधोमध घमेल्यात लालभडक निखारे. खाली ओळ: 'भन्नाट थंडी! सकाळी सगळ्यांचं डोकं ठणकत होतं.' त्यावर बदामांचा पाऊस.

अगं, थंडीने डोकं असं ठणकत नाही! बंद तंबूत निखारे ठेवले की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. आतली हवा कमी पडली आणि निखारा धुमसायला लागला की तो जास्तच सुटतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींनी जास्त घट्ट त्याला धरून बसतं. आधी डोकं जड, मग मळमळ, मग गुंगी. झोपलेल्या माणसाला तर यातलं काहीच कळत नाही, तो उठतच नाही. आणि हे घमेलं आत आणून देणारा माणूस पैसे घेऊन कॅम्प चालवतो!

निखाऱ्यांनी ऊब येते, मान्य. बाहेर बसा, हवं तेवढं शेका. पण तंबूत शेगडी नाही, गॅसची चूलही नाही. 'चेन थोडी उघडी ठेवली तर?' तरीही नाही.

तो फोटो परत परत बघतोय. पोरांना एवढी थंडी का वाजली, तेही त्यातच दिसतंय. अंगावर दोन-दोन ब्लँकेटं आणि खाली प्लास्टिकची चटई. थंडी खालून लागते, मंडळी. जमीन रात्रभर अंगातली ऊब ओढत असते. ऊब धरून ठेवते ती भरावात अडकलेली हवा, आणि स्लीपिंग बॅगची खालची बाजू आपल्याच वजनाने चेपून तिथली हवा निघून जाते. म्हणून पहिला खर्च कॅरीमॅटवर, म्हणजे गुंडाळून नेता येणाऱ्या फोमच्या चटईवर करा, ८ ते १० मिलिमीटर जाडीच्या. सह्याद्रीत बहुतेक वेळा एक पुरते. उत्तराखंडातल्या केदारकंठासारख्या बर्फातल्या मुक्कामाला एकावर एक दोन घ्या, किंवा फोमच्या मॅटवर आत भराव असलेली फुगवायची मॅट. चांगल्या मॅटवर 'आर व्हॅल्यू' छापलेली असते, म्हणजे मॅट खालची थंडी किती अडवते त्याचा आकडा. दोन मॅटच्या आकड्यांची बेरीज होते, बर्फात ती ४ च्या पुढे जायला हवी. नुसत्या हवेची जाड गादी मात्र फसवी. तिच्या आत हवा फिरत राहते आणि जमिनीचा गारठा पाठीपर्यंत पोचतो.

कॅरीमॅट नाही? डिसेंबरात मावळात, अकोले तालुक्यात भात झोडून झालेलं असतं. गावात रीतसर पैसे देऊन पेंढा मागा. तंबूखाली वीतभर थर घाला, झोपल्यावर तो दबून चार बोटं उरतो. आत घोंगडी अंथरा. लोकर जरा दमट झाली तरी ऊब सोडत नाही, धनगरांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. आणि पेंढ्याच्या आसपास विस्तव नको. परत ते घमेलंच डोळ्यांपुढे येतं.

फोटोत पाणी तंबूपासून दहा पावलांवर आहे. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली घरंगळते आणि खोलगट जागी, पाण्याकाठी साचते. महाबळेश्वरात दवबिंदू गोठल्याची बातमी येते ती वेण्णा लेकच्या काठावरून. थोडं वर चढून, झाडाखाली, वाऱ्याला आडोसा बघून तंबू लावा. सकाळी तंबूतून पाणी दिसणार नाही, खरंय. चालत जा आणि बघा.

चेन वरपर्यंत बंद केल्याने ऊब राहते, हाही गैरसमज. श्वासातली वाफ कापडावर जमते आणि पहाटे अंगावर टपकते. ओली बॅग म्हणजे थंड बॅग, पिसांची असेल तर विचारूच नका. वरची झडप उघडी ठेवा, चेन वरून चार बोटं उघडा, बाहेरचं कव्हर ताणून बांधा, आतल्या कापडाला चिकटू देऊ नका. नाकतोंड बॅगेच्या बाहेर, डोक्याला कानटोपी. दिवसभर घामेजलेला सुती बनियन अंगावर ठेवून झोपू नका. मोज्यांसकट सगळं बदला. मोज्यांचे तीन घट्ट जोड घालाल तर पाय आणखी गार पडतील.

बॅग मुक्कामाला पोचल्याबरोबर पिशवीतून काढून झटका, फुगायला वेळ द्या. विकत घेताना बॅगेवरच्या तापमानांपैकी 'कम्फर्ट'चा आकडा बघा. 'एक्स्ट्रीम' म्हणजे जेमतेम जीव वाचेल एवढंच, झोप लागेल असं नाही.

आणि आत ऊब हवीच असेल तर पाण्याची घ्या ना! लिटरभराची जाड बाटली किंवा एकपदरी स्टीलची, थर्मास नाही. पाणी उकळून दोन मिनिटं थांबा, भरा, झाकण लावून उलटी धरून गळत नाही ना बघा, मोज्यात सरकवा आणि मांड्यांमध्ये ठेवा. तिथून मोठी रक्तवाहिनी जाते, ऊब पायांपर्यंत पोचते. मिनरल वॉटरची पातळ बाटली आकसते, मग पाणी बॅगेत. झोपण्याआधी तूप घातलेली खिचडी, वर चिक्की. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि अंगातली ऊब बाहेर जाते. तासभर बरं वाटतं, पहाटे दात वाजतात. रात्री लघवी लागली तर उठा आणि जाऊन या, कुढत पडून झोप येत नाही.

भाचीला मघाशी फोनवर हे सगळं सांगितलं. आवाज जरा चढलाच. 'मामा, आम्ही काही मुद्दाम केलं का?' म्हणाली. नाही गं, मुद्दाम नाही. तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. डोकं अजून जड वाटतंय म्हणते, त्यामुळे चौघांनाही आजच डॉक्टरांकडे जायला सांगितलंय, आणि निखाऱ्यांचं लपवू नका म्हटलंय.

पुढच्या शनिवारी परत जाणार आहेत म्हणे. माझ्या माळ्यावर चार कॅरीमॅट पडून आहेत, शुक्रवारी येऊन घेऊन जा.