उन्हाने डोकं तापतं, पण आग लावतं कोण?

तापमान वाढलं की हिंसाही वाढते असं एका लेखात म्हटलंय, काहींना ती अतिशयोक्ती वाटेल, मला नाही वाटत. अमेरिकेत फिनिक्सला एक साधा प्रयोग झालेला, १९८६ ला छापून आला, हिरवा सिग्नल लागला तरी पुढची गाडी मुद्दाम हलवायची नाही आणि मागचे किती हॉर्न मारतात ते मोजायचं, तर जितकं ऊन जास्त तितके हॉर्न जास्त, त्यात काचा खाली असलेल्यांचं तर विचारूच नका. पण खरा घोर पाण्याचा आणि पिकाचा आहे. सीरियात २०११ ला यादवी युद्ध पेटलं, त्याच्या आधी सलग काही वर्षं भयंकर दुष्काळ होता, ईशान्येकडची शेती बसली, जनावरं मेली, कुटुंबंच्या कुटुंबं गाव सोडून शहरांकडे गेली. म्हणून युद्ध दुष्काळाने झालं असं म्हणायचं का? अजिबात नाही, अभ्यासकांतही यावर वाद आहे. सीरियातल्या दरा शहरात भिंतीवर सरकारविरोधी लिहिलं म्हणून पोरांना उचलून छळलं आणि त्यावरून लोक पेटून उठले, ते काय पावसाने केलं? हवामानाच्या नावाखाली सत्ताधारी सुटायला नकोत एवढंच मला पोटतिडकीने सांगायचंय.