सहा बोटं आणि एक ‘कर’

काल पणजोबांचं चित्र सोलापुरात नवी पेठेतल्या एका फ्रेमवाल्याकडं नेलं आणि दीडशे रुपये मोजून अपमान करून घेऊन घरी आलो. डोकं अजून गरम आहे, म्हणून लिहायला बसलोय.

पणजोबा जुन्या मिलमध्ये हेडक्लार्क होते. ऑइल पेंटिंग आहे, फेटा, काळा कोट, खुर्चीच्या हातावर ठेवलेला उजवा हात आणि त्या हाताला सहा बोटं. नीट मोजलीयत, सहाच आहेत. यावरून घरात दोन पार्ट्या. आत्या म्हणते त्यांना खरंच सहा होती, वडील म्हणतात चित्रकार बिनडोक होता. पण तो बिनडोक कोण, हे कुणालाच माहीत नाही आणि दोन महिने मला तेच छळतंय.

मोबाईलवर फोटो टाकून शोधलं तर उत्तर आलं राजा रविवर्मा. अहो, रविवर्मा १९०६ ला गेले, आणि त्यांना पाचच्या वर मोजता येत नव्हतं असं तर काही नाही. मग एका मित्रानं डोक्यात भरवलं की हे पेंटिंगच नसणार, रविवर्मा प्रेसमध्ये छापायचे तसलं ओलिओग्राफ असणार, वरून वार्निश मारलं की हुबेहूब ऑइल वाटतंय. झालं, भिंग आणलं. छापील असलं तर रंगाचे बारीक ठिपके दिसतात. आमच्यात ब्रशचे फराटे दिसले, आणि कोटाच्या दुसऱ्या बटणाजवळ रंगात चिकटून बसलेला ब्रशचा एक केस. तो बघून एकदम भरून आलं, खोटं कशाला बोलू.

सही फ्रेमखाली दबली असणार असा माझा अंदाज. फ्रेमवाल्यानं पक्कडीनं गंजलेले खिळे उपसले, फ्रेम उचलली, आणि बघतो तर डावी कड कात्रीनं सरळ कापलेली. कुठल्यातरी जमान्यात चित्र फ्रेममध्ये बसंना म्हणून कुणीतरी छाटून टाकलेलं. खाली कोपऱ्यात उरलंय काय, तर ‘कर, १९२३’.

कर! महाराष्ट्रात दगड मारला तर कुठल्यातरी करलाच लागतोय.

शेजारच्या स्टुलावर एक काका बसले होते, नातवाचं एलिमेंटरी ड्रॉइंगचं सर्टिफिकेट फ्रेम करायला आलेले, ए ग्रेड. त्यामुळं चित्रकलेवर बोलायचा अधिकार त्यांना आपोआप मिळालेला. मान वाकडी करून त्यांनी दोन मिनिटं पणजोबांकडं बघितलं आणि निकाल दिला, ‘‘हुसेन.’’

‘‘कोण हुसेन?’’

‘‘एम. एफ. हुसेन ओ. पंढरपूरचा. आपल्याच जिल्ह्यातला की.’’

मी म्हटलं काका, हुसेन पंढरपूरचे हे खरं, पण जन्म १९१५ चा, आणि हे चित्र १९२३ चं आहे.

‘‘मग आठ वर्षांचा असंल. हुशार होतं पोरगं.’’

‘‘लहानपणीच इंदूरला गेले ते.’’

‘‘सुट्टीला येत नसंल का?’’

याला काय उत्तर देणार? मी सहीवर बोट ठेवलं. हे बघा, ‘कर’ आहे. हुसेनमध्ये कर कुठून येणार?

काका माझ्याकडं असं बघायला लागले की सर्टिफिकेट नातवाला नाही, मलाच मिळायचं राहिलंय. ‘‘पंढरपूरकर लिहिलं असंल की ओ!’’

मी गप्प. तेवढ्यात त्यांची नजर हातावर गेली. ओठ हलवत बोटं मोजली, परत मोजली, आणि मांडीवर थाप मारली. ‘‘बघा! आठ वर्षांचं पोरगं, मोजायला चुकलं!’’

वाईट याचं वाटतं की दोन महिन्यांत सहा बोटांचा हिशोब लागलेली ही एकच थिअरी आहे.

दुकानातल्या पोराचं वेगळंच. त्यानं मोबाईलमधून मान वर काढली, चित्र बघितलं आणि म्हणाला, ‘‘काका, हे एआय हाय. बोटं बघा की, सहा हायती.’’ शंभर वर्षांचं चित्र, पाठीमागं मांजरपाट पिवळा पडून पापडासारखा झालेला, आणि एआय! जाऊ दे बे, म्हटलं.

पण खरा राग आमच्याच घरावर आहे. ट्रंकेत पणजोबांनी घेतलेल्या धोतरजोडीची पावती आहे, शिलाई मशीनची आहे, कुणाला तरी उसने दिलेल्या अकरा रुपयांची चिठ्ठीसुद्धा आहे, ते बुडालेत. आणि जो माणूस समोर बसून तासन्‌तास यांचं थोबाड न्याहाळत रंगवत होता, त्याचं नाव लिहून ठेवावं असं एकालाही वाटलं नाही. जेवायला तरी विचारलं होतं का कुणास ठाऊक. बोट जास्तीचं काढलं असेल तर रागानंच काढलं असेल.

फ्रेमवाल्यानं शेवटी टेप लावला. ‘‘साहेब, स्पेशल साईज आहे, बनवून घेतली तर महाग पडंल. त्यापेक्षा ही डावी कड खराबच झालीय, इकडून अर्धा इंच उडवतो, रेडीमेड फ्रेममध्ये फिट बसतंय.’’ आणि कात्री उचलली.

मी चित्र अक्षरशः हिसकावलं, चादरीत गुंडाळलं आणि निघालो. मागून आवाज आला, ‘‘साहेब, खिळे काढायचे दीडशे.’’