त्या खारीला शेंगदाणे भरवू नका

आई सांगलीहून डेन्व्हरला आली ती बॅगेत भाजके शेंगदाणे घेऊन. आमच्यासाठी नव्हे, खारींसाठी! कारण व्हॉट्सॲपवर फिरणारा तो व्हिडिओ: रॉकी पर्वतात ओढ्याकाठच्या खडकावर दोन पायांवर उभी पट्टेरी खार आणि खाली मजकूर, "ही हात जोडून अन्न मागते. खडकात काही मिळत नाही, हिवाळ्यात उपाशी मरते. बर्फाच्या शुद्ध पाण्यामुळे हिला रोग होत नाहीत. हाताने भरवा, पुण्य लाभेल."

सगळ्यात घातक वाक्य रोगाचं. पश्चिम अमेरिकेतल्या बिळात राहणाऱ्या खारींमध्ये प्लेग आहे. होय, तोच, 1896 मध्ये मुंबईत आणि 1897 मध्ये पुण्यात थैमान घातलेला. त्याच साथीत तो 1900 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पोचला, रानातल्या उंदीर-खारींत शिरला आणि तिथेच मुरला. तो पसरवतात पिसवा. पाणी कितीही नितळ असो, खारीच्या अंगावरच्या पिसवांना काय फरक पडतो? ऑगस्ट 2021 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लेक टाहो सरोवराजवळ चिपमंक, म्हणजे हिच्याच छोट्या भाऊबंद, प्लेगग्रस्त निघाल्या आणि टेलर क्रीकचं पर्यटक केंद्र काही दिवस बंद ठेवावं लागलं. वेळेत औषध मिळालं तर माणूस वाचतो, पण लहान मुलांना हात पुढे करायला सांगताना हे कुणी सांगतं का?

"हात जोडते" म्हणे! ती पहारा देते. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या पूर्वेला टायोगा पास या खिंडीजवळ जीवशास्त्रज्ञ पॉल शर्मन यांनी बेल्डिंग जातीच्या खारींचं निरीक्षण केलं, ते 1977 मध्ये 'सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात आलं. शिकारी प्राणी दिसला की ओरडून सावध करणाऱ्यांत आसपास नातलग असलेल्या माद्या जास्त होत्या. ओरडणारीवर झडप पडण्याचा धोका असतो, तरी त्या ओरडत.

उपाशी? इथल्या ओढ्यावर ही पट्टेरी खार रोज दिसते. गवताचं कणीस पुढच्या पंजांत धरून दाणे सोलते, गालाच्या पिशव्यांत कोंबते आणि फुगलेल्या तोंडाने फटीत शिरते. बिया, अळंबी, किडे, सगळं चालतं. हिवाळाभर बिळात झोपते, अंगातल्या चरबीवर. चरबी कमी पडली तर मरते, एवढं त्या मजकुरात खरं आहे. पण माणसाच्या खाऊला चटावलेल्या खारी पार्किंगमध्ये घुटमळतात, गाड्यांखाली येतात, बोटं चावतात. राष्ट्रीय उद्यानात त्यांना खायला घालणं बेकायदा आहे, दंड होतो.